डेस्कटॉपमध्ये लिक्विड कूलर बसवणं आणि तपासणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकोल्यात माझं संगणक जुळवण्याचं आणि दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आमच्याकडे नुसतं ‘कूलर’ म्हटलं की वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याची टाकी डोळ्यांपुढे येते, म्हणून आधीच सांगतो : इथे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या लिक्विड कूलरबद्दल बोलायचं आहे. तोही कारखान्यातूनच भरून, सील होऊन येणारा, ज्याला बाजारात सगळे ‘एआयओ’ (ऑल-इन-वन) म्हणतात. नळ्या कापून, सुटे भाग जोडून करायचं कस्टम लूप हा वेगळा विषय आहे, तो इथे नाही.

माझ्याकडे येणारे बहुतेक प्रश्न बसवण्याबद्दल असतात. बसवल्यावर तपासायचं कसं, हे फार थोडे जण विचारतात, आणि पुढचा सगळा त्रास तिथूनच सुरू होतो. म्हणून तपासणीचे प्रश्न मी मुद्दाम सविस्तर घेतले आहेत.

लिक्विड कूलरच्या आत नेमकं काय असतं?

प्रोसेसरवर बसणारा ब्लॉक, त्याच्या तळाशी तांब्याची पट्टी, बहुतेक कूलरमध्ये त्याच ब्लॉकमध्ये छोटा पंप, दोन नळ्या, आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर. रेडिएटरवर पंखे. आत पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण, त्यात गंजरोधक. तांब्याच्या पट्टीत केसासारख्या बारीक खाचा असतात. त्यांतून जाताना पाणी उष्णता उचलतं आणि रेडिएटरमध्ये हवेला देऊन परत येतं.

एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते, तेवढ्याच वजनाच्या हवेला सुमारे १. म्हणून थोडंसं पाणीही बरीच उष्णता वाहून नेतं. पण ती शेवटी खोलीतल्या हवेतच जाते, हे विसरू नका.

मला लिक्विड कूलर लागेलच का?

बऱ्याच जणांना नाही, आणि हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. कोअर आय५-१२४०० कितीही ताणला तरी इंटेलच्या मर्यादेप्रमाणे ११७ वॉटच्या वर जात नाही. रायझन ५ ७६०० ची मर्यादा ८८ वॉट. या दोघांना एक बरा एअर कूलर, म्हणजे प्रोसेसरवर बसणाऱ्या धातूच्या पात्या आणि त्यावर पंखा, पुष्कळ झाला; त्यात पाणी आणि पंप नसतो, म्हणजे बिघडायला पंख्याखेरीज काहीच नसतं. रायझन ७ ७८००एक्स३डी घेऊन फक्त गेम खेळणार असाल, तरी चांगला एअर कूलर पुरतो.

खरी गरज लागते ती कोअर आय९-१३९००के (२५३ वॉट) किंवा रायझन ९ ७९५०एक्स (२३० वॉट) अशांना, आणि तेही तासन् तास रेंडरिंग, व्हिडिओ एन्कोडिंग, कोड कंपाइल असं काम असेल तेव्हा. कॅबिनेटमध्ये उंच एअर कूलर मावत नसेल, हेही एक योग्य कारण आहे. दिसायला छान म्हणून घ्यायचा असेल तर अवश्य घ्या, फक्त त्याने आय५ वेगाने पळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

२४० घेऊ की ३६०?

२४० म्हणजे १२० मिमीचे दोन पंखे, ३६० म्हणजे तीन, २८० म्हणजे १४० मिमीचे दोन. साधारण १५० वॉटपर्यंतच्या प्रोसेसरला २४० पुरतो. त्यावर सतत काम असेल तर २८० किंवा ३६०. विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात एसी नसलेल्या खोलीत मशिन चालणार असेल, तर मी एक पायरी वरचा घ्यायला सांगतो.

विकत घेण्याआधी कॅबिनेट मोजा. नाव २४० असलं तरी रेडिएटर प्रत्यक्षात सुमारे २७५ मिमी लांब असतो, ३६० चा सुमारे ४०० मिमी. जाडी बहुधा २७ मिमी, त्यावर २५ मिमीचा पंखा, म्हणजे ५२ मिमी. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझरसारख्या काही कूलरचा रेडिएटर ३८ मिमी जाड असतो, तिथे ६३ मिमी जागा हवी. छताला लावायचा असेल तर मदरबोर्डच्या वरची कड ते छत हे अंतर पट्टीने मोजा आणि रॅम किती उंच आहे तेही पाहा. दिव्यांच्या उंच रॅमला पंखा टेकल्यामुळे परत गेलेले कूलर मी बरेच पाहिले आहेत.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तिथे लिक्विड कूलर चालतो का?

चालतो, पण त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. कुठलाही एआयओ पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. डिसेंबरात खोली २२ अंश असताना प्रोसेसर ६० अंशांवर राहत असेल, तर मे महिन्यात खोली ४० अंश असताना त्याच कामाला तो ७८ च्या आसपास जाणार. कूलर बिघडला नाही, खोली १८ अंशांनी तापली. दर उन्हाळ्यात मला ‘कूलर खराब झाला’ म्हणून फोन येतात आणि त्यांतल्या निम्म्याअधिक वेळा हेच कारण निघतं.

पाण्याचं तापमान दाखवणारा कूलर असेल तर ते ६० अंशांच्या आत राहिलं पाहिजे. त्याच्या वर पंप, नळ्या आणि रबरी सील यांचं आयुष्य झपाट्याने कमी होतं.

आणि एक खास आपल्याकडची गोष्ट. खोलीतल्या वाळ्याच्या कूलरच्या झोतासमोर संगणक ठेवू नका. त्या झोताबरोबर बारीक तुषार येतात, आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरच्या पात्यांवर आणि बोर्डावर पांढरे होऊन बसतात. खोली थंड झाल्याचा फायदा मशिनला जरूर मिळू द्या, पण ते झोताच्या बाजूला ठेवा.

कोकणातल्या, गोव्यातल्या दमट हवेत ब्लॉकवर दव साचेल का?

नाही. दव साचायला पृष्ठभाग हवेपेक्षा थंड लागतो, आणि इथलं पाणी हवेपेक्षा नेहमी थोडं गरमच असतं. समुद्राजवळच्या घरात काळजी घ्यायची ती खाऱ्या हवेची. ॲल्युमिनियमच्या पात्यांवर खार आणि धूळ मिळून चिकट थर बसतो, म्हणून तिथे सफाई जास्त वेळा करावी लागते.

बसवायला घेण्यापूर्वी हाताशी काय काय ठेवू?

चुंबक असलेला फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सोडणारं कापड किंवा कॉफी फिल्टरचा कागद, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि ब्लॉक यांच्यामध्ये लावायचा, उष्णता पुढे नेणारा लेप), आणि स्क्रू वेगवेगळे ठेवायला दोन-तीन वाट्या. भिंतीवरचा साधा थर्मामीटरही घ्या. तो कशासाठी ते पुढे येईल. आणि बायोस (मशिन सुरू करणारा, मदरबोर्डातला मूळ प्रोग्रॅम) आधीच अद्ययावत करून घ्या. विशेषतः इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये व्होल्टेजबद्दलचा महत्त्वाचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा दुरुस्त संच) आला. त्या प्रोसेसरची अस्थिरता कूलर बदलून जात नाही.

जुना कूलर काढताना प्रोसेसरच उपटून येतो म्हणतात, खरं आहे का?

एएम४ वर, म्हणजे एएमडीच्या (रायझनच्या) जुन्या सॉकेटवर, खरं आहे. तिथे पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेली पेस्ट त्याला कूलरशी चिकटवून ठेवते. काढण्यापूर्वी मशिन दहा-पंधरा मिनिटं चांगलं कामाला लावा, पेस्ट मऊ होते. मग वीज बंद करून, स्क्रू सोडून कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळा आणि सुटल्यावरच उचला. सरळ वर ओढू नका. एएमडीच्या नव्या एएम५ वर आणि इंटेलवर प्रोसेसर धातूच्या चौकटीखाली अडकवलेला असतो, तिथे ही भीती नाही.

माझ्या सॉकेटला कुठले ब्रॅकेट लावायचे? पेटीत तर चार पिशव्या आहेत.

इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त चुका याच पायरीला होतात.

एएम४ : बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन ब्रॅकेट चार स्क्रू सोडून काढा. चौथा स्क्रू सुटला की मागची बॅकप्लेट खाली पडते, म्हणून मागे हात धरा. बहुतेक एआयओ हीच बॅकप्लेट वापरतात, ती फेकू नका.

एएम५ : सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या या सॉकेटची बॅकप्लेट सॉकेटच्या चौकटीलाच जोडलेली असते. ती काढायची नाही. वरचे प्लास्टिक ब्रॅकेट तेवढे काढा आणि त्याच भोकांत स्टँडऑफ (ब्लॉक ज्यांवर आवळायचा ते छोटे उभे खांब) बसवा. बोर्डाची मूळ बॅकप्लेट वापरणारे एएम४ चे बरेच कूलर त्यामुळे एएम५ वरही बसतात. स्वतःची बॅकप्लेट मागणारे बसत नाहीत.

इंटेल एलजीए १७०० आणि १८५१ : दोन्हींची भोकं ७८ मिमीवर आहेत. त्याआधीच्या ११५१, १२०० यांची ७५ मिमीवर होती. कूलरबरोबर येणाऱ्या बॅकप्लेटचे चारही कोपरे १७०० च्या खुणेवर सरकवा. तीन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. स्क्रू तिरका जातो आणि ब्लॉक एका बाजूने उचललेला राहतो. स्टँडऑफही प्रत्येक सॉकेटचे वेगळ्या उंचीचे असतात. १२०० चे स्टँडऑफ १७०० वर लावले तर स्क्रू पूर्ण आवळूनही पट्टी प्रोसेसरवर नीट दाबली जात नाही, कारण १७०० वरचा प्रोसेसर थोडा बुटका आहे.

रेडिएटर वर लावू, पुढे लावू की खाली?

कुठल्याही एआयओमध्ये थोडी हवा असतेच. वर्षं जातात तशी नळ्यांच्या भिंतींतून पाण्याची वाफ अगदी सावकाश बाहेर झिरपते आणि हवेचं प्रमाण वाढतं. ती हवा सर्वांत उंच जागी जाऊन बसते. तुम्हाला एवढंच पाहायचं आहे की ती जागा पंप असू नये. हवेत फिरणारा पंप खडखडतो, पाणी पुरेसं ढकलत नाही आणि लवकर झिजतो.

म्हणून माझी पहिली पसंती छताला, हवा वर बाहेर फेकणारी. छताला जागा नसेल तर पुढे, नळ्या खालच्या टोकाला येतील असं. नळ्या तेवढ्या पुरत नसतील तर नळ्या वर ठेवूनही चालतं, पण रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच असलंच पाहिजे. तळाला रेडिएटर आणि त्याच्या वर पंप ही मांडणी करू नका. दिसायला कितीही नीटनेटकी असो.

पुढे लावल्यावर प्रोसेसरला बाहेरची थंड हवा मिळते, पण ग्राफिक कार्डाला रेडिएटरमधून आलेली कोमट हवा. वर लावल्यावर उलट. घरच्या गेमिंग मशिनमध्ये ग्राफिक कार्डच जास्त वीज खातं, म्हणून दोन-चार अंश प्रोसेसरला सोसू द्यावेत असं माझं मत आहे.

पंख्याची दिशा कशी ओळखायची?

पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या काड्या दिसतात, त्या बाजूने बहुतेक पंख्यांत हवा बाहेर पडते. काहींच्या कडेवर बाण असतो. उलट्या पात्यांचे पंखे आता मिळू लागले आहेत, म्हणून शंका आली तर चालू पंख्यासमोर टिश्यूचा तुकडा धरा.

रेडिएटरचे स्क्रू दोन लांबीचे का?

लांब स्क्रू पंख्यातून आरपार जाऊन रेडिएटरला धरतात, आखूड स्क्रू कॅबिनेटचा पत्रा आणि रेडिएटर जोडतात. पत्र्याकडून चुकून लांब स्क्रू घातला तर तो आतल्या पाण्याच्या वाहिनीला भोक पाडू शकतो. मग तो रेडिएटर कायमचा गेला, आणि असं नुकसान वॉरंटीत येत नाही. स्क्रू वेगळ्या वाट्यांत ठेवायला सांगितलं ते याचसाठी.

थर्मल पेस्ट किती लावायची? आधीच लावलेली असेल तर?

तळाला पेस्ट छापलेली असेल तर तीच वापरा, ती चांगली असते. एकदा टेकवून उचलली की मात्र पुसून नवी लावा. सुटी पेस्ट एएम४-एएम५ वर मध्यभागी वाटाण्याएवढी किंवा गुणिले चिन्हासारखी. इंटेलच्या १७०० वर प्रोसेसर लांबट आहे, तिथे लांबीच्या दिशेने रेघ किंवा पाच ठिपके. थोडी जास्त झाली तर बाजूने बाहेर येईल, बिघडत काही नाही. कमी पडली तर बिघडतं. एएम५ प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाच्या खाचांत शिरलेल्या साध्या, वीज न वाहणाऱ्या पेस्टची चिंता करू नका. लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टऐवजी लावायचा, वीज वाहणारा पातळ धातू, नवख्याने वापरू नये.

आणि तांब्यावरचा पारदर्शक कागद काढा. सुरुवातीच्या काळात एका मशिनवर मी तो तसाच ठेवून ब्लॉक आवळला होता. संध्याकाळची वेळ, गिऱ्हाईक समोर बसलेलं, घाई झाली होती. मशिन बायोसमध्येच ९० अंशांवर गेलं आणि मी तासभर पंपाला दोष देत राहिलो. तेव्हापासून तो कागद काढून टेबलावर डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय मी पेस्टची ट्यूब उघडत नाही.

स्क्रू किती आवळायचे?

चारही आधी हाताने दोन-तीन आटे पकडवा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांनी, प्रत्येकी अर्धा-एक फेरा, असं फिरत जा. बहुतेक स्क्रूंना थांबा असतो. तो आला की थांबायचं. एक कोपरा पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर पेस्ट एका बाजूला सरकते.

कुठली वायर कुठे?

पंपाची तीन-चार पिनांची वायर एआयओ पंप किंवा पंप फॅन लिहिलेल्या हेडरला (बोर्डावरच्या पिनांच्या जागेला), रेडिएटरच्या पंख्यांची सीपीयू फॅन हेडरला. सीपीयू फॅन हेडर रिकामं राहिलं तर बरेच बोर्ड सुरू होतानाच पंख्याची तक्रार करून थांबतात. बोर्डावर पंपाचं वेगळं हेडर नसेल तर पंप सीपीयू फॅनला लावा आणि पंखे दुसऱ्या हेडरवर घ्या.

काही पंप वीज एसएमपीएसच्या (मशिनला वीज देणाऱ्या डब्याच्या) साटा वायरीतून घेतात. ती जोडायची राहिली तर दिवे लागतील, पाणी फिरणार नाही. बायोसमध्ये पंप हेडर पूर्ण वेगावर ठेवा. पंख्यांचा वेग तापमानाप्रमाणे कमी-जास्त होऊ द्या, पंपाचा नको.

दिव्यांच्या वायरीबद्दल सावध राहा : तीन पिनांची एआरजीबी ५ व्होल्टची, चार पिनांची आरजीबी १२ व्होल्टची. ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टवर लावले की जळतात.

पहिल्यांदा सुरू केल्यावर काय पाहू?

सरळ बायोसमध्ये जा आणि पाच-दहा मिनिटं तिथेच बसा. पंपाचे फेरे दिसले पाहिजेत, बहुतेक पंपांत ते मिनिटाला दोन ते तीन हजारांच्या आसपास असतात. तापमान स्थिरावलं पाहिजे. मिनिटामिनिटाला चढतच असेल तर लगेच बंद करा. नळ्यांच्या जोडांखाली टिश्यू पेपर ठेवून घ्या, पहिला दिवसभर तो कोरडा राहिला पाहिजे.

सुरुवातीला गुळगुळ आवाज येतो, तो बुडबुड्यांचा. कॅबिनेट हळूच पुढे-मागे कलतं करा, काही तासांत आवाज जातो. आठवड्यानंतरही येत असेल तर रेडिएटरची जागा चुकली आहे का ते पाहा.

इंटेलच्या मशिनवर आणखी एक गोष्ट बघा. एमएसआयचे बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना कूलर कुठल्या प्रकारचा आहे ते विचारतात, आणि ‘वॉटर कूलर’ निवडलं की विजेची मर्यादा ४०९६ वॉट होते, म्हणजे मर्यादाच राहत नाही. मग चांगला ३६० कूलरही आय९ ला १०० अंशांवर जाण्यापासून अडवू शकत नाही. इंटेलने दिलेली मर्यादाच ठेवा. आय९-१३९००के ला ती २५३ वॉट.

तपासणी कशी करायची?

आधी खोलीचं तापमान लिहा. थर्मामीटर कॅबिनेटपासून हातभर लांब, जिथून हवा आत जाते त्या बाजूला ठेवा. मोबाईलवरचं शहराचं तापमान उपयोगाचं नाही, आपल्याला खोलीचं हवं.

विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो६४ हा तापमान आणि वॉट दाखवणारा प्रोग्रॅम सुरू करा. इंटेलवर ‘सीपीयू पॅकेज’ची ओळ, एएमडीवर ‘टी-डाय’ची, आणि दोन्हींवर प्रोसेसर किती वॉट खातोय ती ओळ. काहीही न चालवता पंधरा मिनिटं जाऊ द्या आणि आकडे लिहा.

मग प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारे प्रोग्रॅम : आधी सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची मल्टी-कोअर चाचणी. त्यानंतर ओसीसीटी किंवा प्राइम९५ अर्धा तास. अर्धा तास अशासाठी की लिक्विड कूलरमध्ये पाणी तापून स्थिरावायला वेळ लागतो. पहिल्या दोन मिनिटांचा आकडा पाहून खूश होऊ नका, तो थंड पाण्याचा आहे. शेवटच्या पाच मिनिटांत तापमान एक-दोन अंशांच्या आत हलत असेल, तर तो खरा आकडा.

आता तीन आकडे आले : प्रोसेसरचं तापमान, खोलीचं तापमान आणि वॉट. पहिल्यातून दुसरा वजा करा, उरलेल्याला वॉटने भागा. समजा खोली ३०, प्रोसेसर ६६, वीज १२० वॉट. फरक ३६, भागिले १२०, उत्तर ०.३०. म्हणजे दर वॉटमागे ०.३० अंश. हा तुमच्या कूलरचा, तुमच्या प्रोसेसरवरचा आकडा. उन्हाळ्यात खोली ४० असताना तेवढ्याच वॉटला ७६ आले तरी उत्तर ०.३० च्या आसपासच येईल. ते ०.४५ आलं, तर मात्र काहीतरी बिघडलं आहे. दुसऱ्या मशिनच्या आकड्याशी याची तुलना करू नका. प्रत्येक प्रोसेसरची चिप आणि झाकण वेगळं असतं.

हे तीन आकडे, तारीख आणि पंपाचे फेरे मी कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणाला आतून कागद चिकटवून लिहितो. तुम्हीही लिहा.

मग किती तापमान ‘नॉर्मल’ म्हणायचं?

प्रोसेसर कुठला ते आधी सांगा. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीची वरची मर्यादा १०० अंश, कोअर अल्ट्रा २०० मालिकेतल्या डेस्कटॉप चिपची १०५. रायझन ७९५०एक्सची ९५, ७८००एक्स३डीची ८९. या मर्यादेला पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, लगेच जळत वगैरे नाही.

७७००एक्स, ७९५०एक्स यांसारख्या रायझनबद्दल गैरसमज फार आहे. पूर्ण भार दिला की ते ९५ अंश गाठेपर्यंत वेग वाढवत राहतात, त्यांची रचनाच तशी आहे. तिथे कूलर चांगला की वाईट हे तापमानावरून कळत नाही. ९५ वर असताना किती वॉट आणि किती वेग टिकतो त्यावरून कळतं. एवढं तापलेलं नको असेल तर बायोसमध्ये कमी वीज खाणारा इको मोड लावा. ७९५०एक्सला १०५ वॉटच्या इको मोडवर ठेवलं तरी रोजच्या कामात फरक जाणवत नाही. उन्हाळ्यात मी स्वतः हेच करतो.

बाकीच्यांसाठी माझी पट्टी अशी : खोली ३० अंश असताना तुमच्या नेहमीच्या जड कामात ८० च्या आत राहिला तर उत्तम, ९० पर्यंत चालेल, त्यावर सतत राहत असेल तर कारण शोधा. एखाद्या क्षणाची उसळी मोजू नका. चिप लहान असते, काम येताच एका सेकंदात वीस-तीस अंश चढणं स्वाभाविक आहे.

तापमान फारच जास्त येतंय. दोष कुठे आहे हे कसं ओळखू?

ते कसं चढतं त्याकडे बघा.

भार देताच एक-दोन सेकंदांत मर्यादेला भिडलं आणि नळ्या, रेडिएटर दोन्ही गार, तर उष्णता ब्लॉकपर्यंत पोचतच नाहीये. कागद राहिला, स्टँडऑफ चुकीचे, स्क्रू सैल, नाहीतर पेस्ट कमी. उघडा आणि पेस्टचा ठसा बघा, तो सगळीकडे पातळ आणि सारखा हवा.

एक ते तीन मिनिटांत भराभर चढलं, ब्लॉकजवळची एक नळी हाताला गरम आणि दुसरी गार, रेडिएटर थंड, तर पाणी फिरत नाहीये. साटा वायर, हेडर, फेरे तपासा. फेरे दिसत असूनही असंच होत असेल तर आतल्या बारीक खाचा तुंबलेल्या असू शकतात, आणि ते घरी दुरुस्त होत नाही.

पंधरा-वीस मिनिटं हळूहळू चढत राहिलं, रेडिएटर सगळीकडून गरम आणि बाहेर येणारी हवाही गरम, तर कूलर त्याचं काम करतोय. हवा कमी पडते, धूळ साचली आहे, किंवा कॅबिनेटचं पुढचं तोंड काचेने बंद आहे. बाजूचं झाकण काढून पुन्हा चाचणी घ्या. पाच-सात अंश उतरले तर दोष कॅबिनेटचा.

पाणी गळलं तर?

मशिनचं बटण दाबत बसू नका, भिंतीवरचा स्विच बंद करा. प्लग काढा, कॅबिनेट असं आडवं करा की थेंब ग्राफिक कार्डावर जाणार नाहीत. हे द्रव नवं असताना फारशी वीज वाहत नाही, पण बोर्डावरची धूळ त्यात मिसळली की वाहतं. ग्राफिक कार्ड आणि रॅम काढून पुसा, ओली जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा, आणि पंख्याखाली किमान दोन दिवस पूर्ण वाळू द्या. पुसण्याआधी फोटो काढा. वॉरंटीच्या दाव्यात तेच कामी येतात.

असं होण्याचं प्रमाण कमी आहे. माझ्याकडे आलेल्या बिघडलेल्या एआयओंत गळतीपेक्षा थकलेले पंप कितीतरी जास्त.

पाणी कमी झालं तर घरी भरता येईल का?

बहुतेक एआयओ उघडण्यासाठी बनवलेलेच नसतात. नळाचं पाणी तर अजिबात घालू नका. आत तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात असतात. गंजरोधक विरळ झालं आणि क्षार आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याचा गाळ बारीक खाचांत अडकतो.

देखभाल काय, आणि टिकतो किती?

आपल्या धुळीत दर दोन-तीन महिन्यांनी रेडिएटरची पाती ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंखे बोटाने धरून ठेवा. दोन-तीन वर्षांनी पेस्ट बदला आणि तेव्हा पुन्हा ते तीन आकडे घ्या. चांगल्या कंपन्यांची वॉरंटी पाच-सहा वर्षांची असते, तेवढं आयुष्य धरून चाला.

लिक्विड कूलरमुळे सॉकेटभोवतीच्या व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या बोर्डावरच्या भागांना) एअर कूलरसारखा वारा लागत नाही, म्हणून कॅबिनेटचा मागचा पंखा काढू नका.

चाचणी चालू असताना लाईट गेली तर?

कूलरला काही होत नाही. पंप थांबला तसा प्रोसेसरही थांबला. साठवायचं राहिलेलं काम मात्र जाईल.

वॉरंटीसाठी काय जपून ठेवू?

बिल, पेटी, सगळ्या सॉकेटचे ब्रॅकेट, आणि झाकणावरचा तो कागद. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचा कूलर घेऊन मी एका सर्व्हिस सेंटरला गेलो होतो. त्यांनी टेबलावर जोडून पाहिला, पंप फिरतो, दिवे लागतात, ‘ठीक आहे’ म्हणून परत दिला. तो मुलगा ॲनिमेशन शिकत होता, प्रोजेक्ट द्यायला चार दिवस उरले होते, आणि मशिन दर वीस मिनिटांनी मंदावत होतं. माझ्याकडे दाखवायला काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याला मी माझ्या दुकानातला एअर कूलर लावून दिला, आणि बिघडलेला एआयओ तसाच दुसऱ्या मशिनवर चढवून अर्ध्या तासाची चाचणी घेतली. दर वॉटमागचा आकडा, दोन नळ्यांच्या तापमानातला फरक, स्क्रीनचे फोटो, सगळं तारखेसह लिहून नेलं. दहा दिवसांनी नवा कूलर आला, आणि त्याच दिवशीचे आकडे त्याच्या कॅबिनेटच्या झाकणावर आतून लिहिलेले आहेत : खोली ३१, प्रोसेसर ७३, वॉट १४०.